जुन्या बाजारातले पदार्थविज्ञान

प्रयोगशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काचेची भांडी, तराजू, विद्युत्घट आणि तारा येतात. पण वस्तूंचे गुणधर्म पारखण्याची एक मोठी प्रयोगशाळा आपल्या गावातच असते आणि तिला प्रवेशशुल्क नसते. ती म्हणजे जुना बाजार. नाशिकला गोदाकाठी बुधवारी आठवडे बाजार भरतो, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार तर दूरदूर प्रसिद्ध आहे. गावोगावी जुन्या लाकडी सामानाची दुकाने असतात. एखादा वाडा पाडला की त्याचे खांब, तुळया, दारे आणि खिडक्या अशा दुकानांत येऊन पडतात. शिवाय हा बाजार आपल्या दारातही येतो. बोहारीण जुने कपडे घेते आणि त्याबदली भांडे देते. अर्धा तास घासाघीस होते आणि शेवटी दोघींनाही आपलाच फायदा झाला असे वाटते. गंमत म्हणजे दोघींचेही खरे असते. घरातल्या कपाटात अडगळ झालेला शर्ट बोहारणीला उपयोगाचा असतो. एकच वस्तू दोघांना वेगवेगळ्या मोलाची असते, म्हणून तर व्यवहार होतो.

जुनी वस्तू घेणे म्हणजे केवळ पैसे नसल्यामुळे करायची तडजोड, असा समज पुष्कळांचा असतो. थोरल्या भावाचा गणवेश धाकट्याच्या अंगावर आला की त्याला उगीचच कमीपणा वाटतो. परंतु पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक आणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातले न्यूटनचे नियम अर्धवट मिळत नाहीत! खुर्ची, कपाट, शर्ट, स्वेटर यांचेही तसेच आहे. प्रश्न एवढाच की, वस्तूत अजून किती जीव उरला आहे हे ओळखायचे कसे? ते ओळखण्यातच जुन्या बाजाराचा खरा आनंद आहे, आणि त्यासाठी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

काळाने घेतलेली परीक्षा

नवी वस्तू आणि जुनी वस्तू यांत एक महत्त्वाचा फरक आहे. नवी वस्तू कशी निघेल याचा अंदाज करावा लागतो, तर जुनी वस्तू कशी निघाली हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते. नवा सुती सदरा पहिल्या दोन-चार धुण्यांत आटतो. मागावर विणताना सूत ताणलेले असते. पाणी लागले की तो ताण सैल पडतो आणि धागे मूळ स्थितीकडे परततात. वापरलेला सदरा हे सर्व भोगून चुकलेला असतो. जितका आटायचा तितका तो आटलेला असतो, जो कच्चा रंग जायचा तो बहुधा गेलेला असतो. नव्या कापडाला कडकपणा देणारी खळही धुऊन गेलेली असते, म्हणून जुने सुती कापड अंगाला मऊ लागते. बाळाच्या दुपट्यासाठी आजी जुने लुगडेच का निवडते, याचे उत्तर येथे आहे.

पुष्कळशा वस्तूंच्या आयुष्याचा आलेख काढला, तर त्याला परातीच्या उभ्या छेदासारखा आकार येतो. आडव्या अक्षावर वस्तूचे वय आणि उभ्या अक्षावर ती बिघडण्याचे प्रमाण घ्या. सुरुवातीला हे प्रमाण जास्त असते, कारण घडणीतले दोष लवकरच उघडे पडतात. मग बराच काळ ते कमी राहते. अखेरीस झीज होऊन ते पुन्हा चढते. जुन्या बाजारात आपल्याला हवी असते ती परातीच्या तळातली, म्हणजे सुरुवातीची काठावरची चढण ओलांडलेली, पण शेवटच्या काठापर्यंत न पोहोचलेली वस्तू.

मात्र येथे एका चुकीच्या तर्कापासून सावध राहिले पाहिजे. ‘पूर्वीच्या वस्तू किती मजबूत असत!’ असे आपण नेहमी ऐकतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी भारतीय सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. सागवानाच्या टिकाऊपणाचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. पण त्यावरून जुने ते सर्व मजबूत असा निष्कर्ष काढता येणार नाही. जुन्या काळातल्या कमअस्सल खुर्च्या केव्हाच चुलीत गेल्या. उरल्या त्या चांगल्या, म्हणून त्याच आपल्याला दिसतात. टिकून राहिलेल्या वस्तूंवरून सर्वच वस्तूंचा अंदाज बांधणे ही चूक विज्ञानातही अनेकदा होते. तेव्हा वयावर न जाता प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तपासावी, हा पहिला नियम.

लाकूड ओळखावे कसे?

समजा, आपल्याला अभ्यासासाठी एक जुने टेबल घ्यायचे आहे. दुकानदार म्हणतो, ‘अस्सल सागवान आहे, उचलून बघा किती जड आहे!’ वजनावरून सागवान ओळखता येईल का? ४० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटर जाड अशी एक फळी घ्या. तिचे घनफळ ३,००० घनसेंटीमीटर होते. वाळलेल्या सागवानाची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे ०.६५ ग्रॅम असते, म्हणून ही फळी १.९५ किलोग्रॅम भरेल. आता लाकडाचा भुगा आणि सरस दाबून केलेली तेवढीच फळी घ्या. तिची घनताही ०.६ ते ०.७५ च्या दरम्यान असते, म्हणजे तिचे वजन १.८ ते २.२५ किलोग्रॅम येईल. थोडक्यात, नुसत्या वजनाने निर्णय होत नाही. एकाच मापनावर विसंबून राहू नये, हा धडा येथे फुकट मिळतो.

मग काय पाहावे? फळीचा आडवा कापलेला शेवट पाहावा. खऱ्या लाकडात पृष्ठावरच्या रेषा कडेवरून वळून शेवटापर्यंत जातात आणि तेथे वाढीच्या वलयांचे तुकडे दिसतात. सागवानात या वलयांच्या कडेने बारीक छिद्रांची ओळ नुसत्या डोळ्यांनीही दिसते. वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर पृष्ठावरची रेषा कडेशी येऊन एकदम थांबते. खण बाहेर काढून त्याची मागची व खालची बाजू पाहावी. तेथे रंगरंगोटी केलेली नसते, त्यामुळे लाकूड आपले खरे रूप दाखवते.

झाडाच्या खोडात बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ आणि आतला गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ. रसकाष्ठात पिष्टमय पदार्थ असतात, म्हणून लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना ते आवडते. सागाच्या मध्यकाष्ठात टेक्टोक्विनोनसारखी रसायने असतात आणि ती वाळवीला दूर ठेवतात. टेबलाच्या पायावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली तर घाबरून जाऊ नये, पण टेबल ठोकून पाहावे. भोकांतून ताजे, पिठासारखे पांढुरके चूर्ण पडले तर आत अळी अजून काम करते आहे असे समजावे. भोके काळवंडलेली आणि कोरडी असतील, तर बहुधा भाडेकरू केव्हाच घर सोडून गेला आहे.

पावसाळ्यात खण का अडतो?

लाकूड मेले तरी हवेशी त्याचा व्यवहार चालूच राहतो. हवा दमट झाली की ते बाष्प शोषते आणि फुगते, हवा कोरडी झाली की बाष्प सोडते आणि आकसते. नाशिकची एप्रिलमधली दुपार अत्यंत कोरडी असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीही ओलसर लागतात. या दोन टोकांमध्ये लाकडातील पाण्याचे प्रमाण सहज सहा टक्क्यांनी बदलू शकते.

याचा परिणाम मोजता येतो. ओले सागवान पूर्णपणे वाळवले, तर वलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते आणि खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. लांबीच्या दिशेने मात्र फरक नगण्य असतो. हे आकसणे पाण्याचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आल्यावर सुरू होते. म्हणजे पाण्याच्या दर एक टक्क्यामागे वलयांच्या दिशेने ०.१९ टक्के बदल झाला. सहा टक्क्यांना तो १.१६ टक्के होईल. ३० सेंटीमीटर रुंदीच्या फळीत हा बदल साडेतीन मिलिमीटर भरतो. उन्हाळ्यात सुळसुळीत चालणारा खण श्रावणात अडून बसतो, याचे कारण हेच.

जुने लाकूड ‘मुरलेले’ असते, म्हणून ते हलत नाही, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. झाड तोडल्यानंतरचे मोठे आकसणे जुन्या लाकडात पूर्ण झालेले असते. जी फळी वाकायची ती वाकलेली आणि जी तडकायची ती तडकलेली असते. पण ऋतूंबरोबर होणारे फुगणे आणि आकसणे शंभर वर्षांच्या लाकडातही चालूच राहते. तेव्हा मे महिन्यात कपाट घेतले आणि त्याचे दार चौकटीत अगदी घट्ट बसत असेल, तर पावसाळ्यात ते उघडणार नाही असे समजावे! उलट भर पावसात नीट उघडणारे दार उन्हाळ्यात थोडे सैल होईल, एवढेच.

खुर्चीची परीक्षा

खुर्ची बहुधा लाकडात मोडत नाही, सांध्यात मोडते. का, ते पाहू या. पाठीच्या वरच्या कडेला आपण १०० न्यूटन बलाने रेललो आणि ती कड बैठकीच्या सांध्यापासून ४५ सेंटीमीटर उंच असली, तर सांध्याशी परिबल होते १०० × ०.४५ = ४५ न्यूटन-मीटर. ते दोन सांध्यांत वाटले गेले, म्हणजे प्रत्येकी २२.५ न्यूटन-मीटर. सांध्यात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असते. या टोकाची उंची ५ सेंटीमीटर धरली, तर हे परिबल पेलण्यासाठी त्याच्या वरच्या व खालच्या कडेवर २२.५ ÷ ०.०५ = ४५० न्यूटन बल पडते, म्हणजे जवळजवळ ४६ किलोग्रॅम वजनाइतके. आपण सहज रेलतो आणि सांध्याला ते एखादे पोते पेलण्यासारखे होते! मागचे दोन पाय टेकवून झोके घेणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

म्हणून खुर्ची घेताना बसून पाहण्याआधी हलवून पाहावी. एक हात बैठकीवर आणि एक पाठीवर ठेवून हळूहळू पुढे-मागे व डावी-उजवीकडे जोर द्यावा. सांध्याशी फट उघडते-मिटते आहे का ते पाहावे, आवाज ऐकावा. सांधा फक्त सैल असेल, तर सुतार तो उकलून पुन्हा सरसाने बसवू शकतो. सांध्याजवळचे लाकूडच उभे फाटलेले असेल, तर मात्र नमस्कार करून पुढे जावे.

खुर्ची डुगडुगली म्हणजे ती वाईटच, असे नाही. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच, म्हणून तीन पायांचे स्टूल कधी डुगडुगत नाही. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही. मग दोष खुर्चीचा की जमिनीचा? खुर्ची तिच्या जागीच पाव फेरी फिरवा. तिचे तेच दोन पाय डुगडुगत राहिले तर दोष खुर्चीचा, डुगडुग थांबली किंवा दुसऱ्या पायांकडे गेली तर जमिनीकडे पाहा. कपाट तिरके झाले आहे का, हे सुतळीने कळते. समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. आयताचे कर्ण समान असतात. चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्ण असमान आले, तर आयताचा समांतरभुज चौकोन झाला आहे. चौकोन बाजू न बदलता आकार बदलू शकतो, त्रिकोण तसे करू शकत नाही. म्हणून मागे एक तिरपी पट्टी ठोकली की कपाट सावरते.

लोखंडी कपाटासाठी खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवावे. गंजून भोक पडलेल्या जागी लांबी भरून वर रंग दिला की डोळ्यांना काही दिसत नाही. पण चुंबकाचे आकर्षण अंतराबरोबर झपाट्याने घटते. चुंबक पत्र्यावरून सरकवत नेला आणि एखाद्या ठिकाणी पकड एकदम ढिली पडली, तर रंगाखाली लोखंडाऐवजी लांबी आहे हे कळते. तळाचा भाग अवश्य तपासावा, कारण फरशी धुताना पाणी तेथेच साचते.

कापडाची पारख

शर्ट किंवा साडी उजेडासमोर धरावी. झीज घर्षणाने होते आणि ती दाब व घासण्याचे एकूण अंतर यांबरोबर वाढते. म्हणून कोपर, कॉलर, काख आणि बैठक या जागा आधी विरतात. तेथून बाकीच्या कापडापेक्षा जास्त प्रकाश आला, तर धागे बारीक झाले आहेत. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या शिवणीवर घासला की रंग पक्का आहे की नाही ते समजते.

कापड सुती की पॉलिएस्टर? १०० ग्रॅम सुका कापूस साधारण दमट हवेत साडेआठ ग्रॅम पाणी शोषून घेतो, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. सुती सदरा घाम टिपतो तो यामुळेच. शिवणीतला एक सुटा धागा घरी आणून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली चिमट्यात धरून जाळला तर निर्णय पक्का होतो. कापूस कागदासारख्या वासाने जळून मऊ राख होते, लोकर किंवा रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याची जुनी पैठणी हाती आली, तर घड्या उलगडून त्यांच्या रेषा पाहाव्यात. वर्षानुवर्षे एकाच रेषेत दुमडलेले रेशीम तेथेच तुटते आणि उन्हातील अतिनील किरणही त्याला कमकुवत करतात. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळी पडते, कारण हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. काळी जर ही खोटी जर नव्हे, उलट आत चांदी असल्याची ती एक खूणच असू शकते.

गोधडी आणि ढेकूण

जे कपडे अंगावर घालण्याजोगे उरत नाहीत, त्यांची आपल्याकडे गोधडी होते. निफाडला थंडीत कधी कधी पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली जातो, तेव्हा तिचे मोल कळते. गोधडी ऊब निर्माण करत नाही. ती आपल्या शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये आणि टाक्यांच्या मधल्या फुगवट्यांत हवा कोंडून राहते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते. लाकूड तिच्या सुमारे सहापट, तर साधे पोलाद जवळजवळ दोन हजारपट उष्णता वाहते. एकाच खोलीतली लाकडी खुर्ची थंडीत सुखकर आणि लोखंडी खुर्ची गार का लागते, हेही यावरून उमगेल. दोघींचे तापमान सारखेच असते.

आता या चित्राची दुसरी बाजू. जुन्या गादीतून, कपड्यांतून वा खाटेच्या सांध्यांतून ढेकूण घरात येण्याची भीती खरी आहे. न खाता-पिता तो महिनोन्‌महिने जगतो. मात्र तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर काही काळ टिकले, तर तो व त्याची अंडी मरतात. म्हणून आणलेले कपडे घरात नेण्यापूर्वी सोसतील तितक्या गरम पाण्यात भिजवून धुवावेत आणि शिवणींवरून कडक इस्त्री फिरवावी. गादी उन्हात टाकली की काम झाले, असे मात्र समजू नये. गादीचे पृष्ठ हाताला चटका देत असले, तरी उष्णता आत जायला वेळ लागतो आणि जाडी दुप्पट झाली की हा वेळ सुमारे चौपट होतो. ज्या गुणामुळे गोधडी आपल्याला थंडीपासून वाचवते, त्याच गुणामुळे ती आतल्या ढेकणाला उन्हापासून वाचवते! म्हणून जुनी जाड गादी घेऊच नये. कपडे पसरून, पातळ थरांत तापवावेत.

आणखी एक इशारा महत्त्वाचा आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधी रंगवलेल्या पाळण्यात किंवा लहान मुलांच्या खुर्चीत शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. असा रंग निघत असेल तर ती वस्तू बाळासाठी वापरू नये आणि घरात तो पॉलिशच्या कागदाने कोरडा घासू तर मुळीच नये, कारण मग विषारी धूळ उडते. अपघातात सापडलेले हेल्मेटही जुन्या बाजारातून घेण्याची वस्तू नव्हे. त्यातला फेस एकदाच दबून धक्का शोषतो. हेल्मेटने किती धक्के खाल्ले आहेत ते बाहेरून दिसत नाही, म्हणून वापरलेले हेल्मेट टाळलेलेच बरे.

सुव्यवस्थेची किंमत

एक किलोग्रॅम सुती कापड तयार होईपर्यंत जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते. त्यात कपाशीवर पडलेला पाऊसही धरलेला आहे. सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शर्ट शर्ट म्हणूनच आणखी दोन वर्षे वापरला, तर हे सर्व पाणी आणि सूत कातण्या-विणण्याची ऊर्जा पुन्हा उपयोगी पडते. त्याची फाडून पिशवी केली तर कापड टिकते, शिवण वाया जाते. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत कातण्याची युक्ती इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास काढली आणि आज आपल्याकडे पानिपतला हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि नवे सूत पहिल्याइतके बळकट राहत नाही. शेवटी चिंधी जाळली, तर केवळ थोडी उष्णता मिळते. प्रत्येक पायरीला वस्तूतली रचना, सुव्यवस्था कमी होत जाते. पदार्थ नाहीसा होत नाही, पण सुव्यवस्था नाहीशी होते आणि ती परत आणायला ऊर्जा व श्रम खर्चावे लागतात. जुनी खुर्ची दुरुस्त करणारा सुतार आणि गोधडी शिवणारी आजी हे काम कमीत कमी ऊर्जेत करत असतात.

करून पाहा

१) दोन सारखे पेले गरम पाण्याने भरून झाका. एकाला जुन्या साडीचा एक थर आणि दुसऱ्याला सहा थर सैलसर गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. मग तेच सहा थर दोरीने करकचून बांधून प्रयोग पुन्हा करा. काय फरक पडला? का?

२) घरातल्या एका लाकडी खणाची रुंदी त्याच जागी मे, ऑगस्ट आणि डिसेंबर महिन्यांत व्हर्नियर कॅलिपरने किंवा बारीक खुणांच्या पट्टीने मोजा. वर्षभराच्या नोंदी वर्गात मांडा.

३) शाळेतल्या दहा बाकांचे कर्ण सुतळीने मोजा. कोणते बाक लवकरच सांध्यात मोडतील याचे भाकीत लिहून लखोट्यात बंद करून शिक्षकांकडे ठेवा आणि वर्षअखेरीस तो उघडा.

या तीन प्रयोगांनंतर बाजारात जाल, तेव्हा दुकानदार ‘अस्सल आहे’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. खण उलटा करून बघा, सुतळी काढा, खिशातले चुंबक फिरवा. भाव आपोआप उतरू लागेल!